दोन बादल्या

काल रात्री पारा उणे चोवीसवर उतरला
आणि सकाळी लोडरनं हात वर करायला नकार दिला.
इंजिन चालू होतं, धूरही नेहमीचा,
पण बकेट जमिनीला चिकटलेली
आणि पंपातून आवाज
कुणी दात आवळून कण्हत असल्यासारखा.

गोठ्यात एकशे दहा गायी.
शेणाला थंडीचं काय,
ते पडत राहतं,
आणि तासाभरात दगड होतं.

लावर्न स्ट्रँडला फोन लावला.
त्याला ऐकू कमी येतं, म्हणून तो बोलतो जास्त.
"ट्रॅक्टरचं घाल, पिवळ्या बादलीतलं.
चाळीस वर्षं मी सगळ्यात तेच घालतोय."
त्याच्या अंगणात यंत्रं किती, मला ठाऊक आहे.
त्यातली चालती किती, तेही.

दुकानातला ब्राइस स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला,
सेहेचाळीस नंबरचं हायड्रॉलिक, डोळे मिटून न्या.
मशीन कोणत्या सालचं?
सत्त्याऐंशी, म्हटलं.
तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं,
माझ्याकडे,
मशीन मीच असल्यासारखं.
मी त्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, बाळा.

पुस्तक सीटखाली सापडलं,
कडा उंदरांनी खाल्लेल्या.
एकोणचाळीसावं पान मात्र शाबूत:
इंजिन ऑइल, दहा-डब्ल्यू-तीस.
इंजिनचं तेल, हातापायांत?
दोनदा वाचलं.
या यंत्रात चाकंही त्याच तेलावर फिरतात,
बकेटही त्याच तेलावर उठते,
एकच भांडं, आणि जेवणारे सगळे.
चुकीचं ओतलं तर पंप जाईल, मोटर जाईल,
तेलही जाईल, तूपही जाईल,
हातात राहील फावडं.

पण आत्ता आत आहे काय?
हे फक्त ऑर्लिन ट्वेटला माहीत.
लिलावात हा लोडर त्याचाच होता.
आता तो रोझोच्या वृद्धाश्रमात, खिडकीजवळच्या खोलीत.
नर्सनं फोन त्याच्या कानाला धरला.
बराच वेळ नुसता श्वास.
मग अगदी स्वच्छ आवाजात म्हणाला,
"त्या आठवड्यात जे स्वस्त असेल ते."

मग काय.
लोडरवर ताडपत्री टाकली, पोटाखाली हीटर लावला,
दोन तास त्याच्याशेजारी उलट्या बादलीवर बसले.
बोटं पुरेशी जिवंत झाल्यावर प्लग सैल केला.

आधी काहीच नाही.
मग काकवी,
काळी, सावकाश, स्वतःवरच घड्या घालत.
तिच्यामागून ताक, म्हणजे पाणी शिरलेलं,
कधीपासून कोण जाणे.
मध्येच एक लालसर रेघ, कुठल्यातरी गिअरबॉक्सची.
बोटांवर चोळून पाहिलं, वास घेतला.
ऑर्लिनचे सगळे स्वस्त आठवडे
एका पसरट पत्र्याच्या ताटात.

नळ्यांत राहिलंच असेल थोडं,
सिलिंडरांत, कोपऱ्याकोपऱ्यांत.
सगळं कधीच निघत नाही.
म्हणून नवं घालायचं, महिनाभर चालवायचं,
आणि तेही पुन्हा काढायचं.
ब्राइसला हे सांगितलं तर तो म्हणाला,
दुप्पट खर्च.
हो, म्हटलं. दोन बादल्या दे. इंजिनचं.

नवं तेल मधासारखं, ओतताना दिवा आरपार दिसत होता.
फिल्टर बदलला. बोल्ट आवळले.
चावी फिरवली आणि हात लावला नाही कशालाच,
पंधरा मिनिटं त्याला नुसतं गुरगुरू दिलं.
पंप आधी तक्रार करत होता,
मग पुटपुटू लागला,
मग गप्प.

लीव्हर मागे ओढला.
बकेट उठली. सरळ नाही, आधी उजवी बाजू,
मग डावी, जरा मागून,
लावर्न खुर्चीतून उठतो तशी.

गोठा साफ व्हायला अंधार पडला.
बंद करून उतरले तर डाव्या सिलिंडरखाली
बर्फावर एक थेंब.
वाकून पाहिला. मधाच्या रंगाचा.
म्हणजे नवं तिथपर्यंत पोचलंय.

खाली पुठ्ठा सरकवला
आणि दार लावून घेतलं.